सेंट थॉमसमधली शाळा: हाताला वळण आणि वळणाची परीक्षा

नाइटिंगेल ट्रेनिंग स्कूल वर्गणीतून उभे राहिले, आणि ज्यांच्या नावाने वर्गणी गोळा झाली त्यांना ती फारशी नको होती. २९ नोव्हेंबर १८५५ रोजी लंडनमध्ये विलिस रूम्स या सभागृहात जाहीर सभा भरली, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिकडे तुर्कस्तानात लष्करी इस्पितळांच्या व्यापात होत्या. परिचारिकांच्या शिक्षणासाठी फंड उभारायचा आणि त्याचा विनियोग बाईंनीच ठरवायचा, असे सभेत ठरले. सुमारे ४५ हजार पौंड जमले. त्यांतले जवळपास ९ हजार सैनिकांचे होते. अनेकांनी एक दिवसाचा पगार दिला होता. १८५६ मध्ये बाई परतल्या त्या खालावलेली तब्येत घेऊनच, आणि लष्करी आरोग्याच्या चौकशीत गढून गेल्या. फंडाच्या जबाबदारीतून मोकळे व्हायचा त्यांनी मध्ये एकदा प्रयत्नही केला. तो सफल झाला नाही, आणि चारएक वर्षे पैसे पडून राहिले.

तेवढ्या काळात विरोधकांनी आपले म्हणणे मांडून घेतले. सेंट थॉमस हॉस्पिटलचे ज्येष्ठ शल्यविशारद जॉन फ्लिंट साउथ यांनी १८५७ मध्ये एक पुस्तिकाच काढली. त्यांचे मत असे, की परिचारिका ही जवळजवळ घरकाम करणाऱ्या मोलकरणीसारखीच. पोटीस करता आले की तिला आणखी शिकवण्यासारखे फारसे काही उरत नाही. वॉर्डच्या सिस्टर अनुभवातून आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी शाळा कशाला? साउथसाहेबांना आज हसणे सोपे आहे. पण त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. हातांनी करायच्या कामात शिकवण्याजोगे नेमके काय असते आणि ते आले हे कसे ओळखायचे, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच लिहिलेले नव्हते. नाइटिंगेल स्कूलचा पुढचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. म्हणून या लेखात इमारती, मेट्रन आणि समारंभ यांना ओझरती जागा आहे. जास्त जागा आहे ती तक्त्यांना, वह्यांना आणि परीक्षांना.

शाळेसाठी सेंट थॉमसच का निवडले, याचे कारण एक व्यक्ती होती. सेरा वॉर्डरोपर १८५४ मध्ये तिथे मेट्रन झाल्या. विधवा, मुलांची आई, स्वतः परिचर्येचे कसलेही शिक्षण न घेतलेल्या. पण वॉर्डांतल्या दारूबाज आणि बेफिकीर नर्सना त्यांनी सरळ घरची वाट दाखवली होती. नाइटिंगेलबाईंना असे माणूस हवे होते. निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफील्ड यांचाही योजनेला पाठिंबा होता. हॉस्पिटल तेव्हा लंडन ब्रिजजवळ सदर्कमध्ये होते. १८६० च्या उन्हाळ्यात तिथे पंधरा उमेदवारांची पहिली तुकडी आली. त्यांना प्रोबेशनर म्हणत. वय साधारण २५ ते ३५, चारित्र्याचा दाखला आवश्यक, शिक्षण एक वर्षाचे. तपकिरी पोशाख, पांढरा एप्रन, पांढरी टोपी. राहणे, जेवण, चहा-साखर, धुलाई फंडाकडून. वर वर्षाला दहा पौंड हातखर्चाला. बाहेर जायचे तर एकटीने जायचे नाही.

वर्गखोली अशी जवळजवळ नव्हतीच. डॉक्टरांची थोडी व्याख्याने होत, पण खरी शिक्षिका म्हणजे वॉर्डची सिस्टर, आपल्या सरकारी भाषेतली परिसेविका. शिकवण्याबद्दल तिला फंडातून वेगळे मानधन मिळे. प्रोबेशनर तिच्या हाताखाली काम करी, आणि काम करता करता शिकणे अपेक्षित होते.

आता त्या तक्त्याकडे येऊ. नाइटिंगेलबाईंनी प्रत्येक प्रोबेशनरसाठी छापील मासिक तक्ता तयार केला होता. त्याचे दोन भाग होते. पहिला वर्तनाचा: वक्तशीरपणा, आवाज न करता वावरणे, विश्वासूपणा, स्वतःची टापटीप आणि स्वच्छता, वॉर्डची व्यवस्था. दुसरा भाग कौशल्यांचा, आणि तो डझनभराहून अधिक कलमांचा. प्रत्येक कलमापुढे शेरा द्यायचा: उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे, नाहीतर शून्य.

प्रोबेशनरला काय काय यायला हवे याची यादी तिच्या हातात सुरुवातीलाच पडत असे. फोड, भाजलेल्या जागा आणि जखमा यांचे ड्रेसिंग, शेक आणि पोटीस. जळवा लावणे, अंगावर आणि शरीराच्या आतही. स्त्री-पुरुष दोघांनाही एनिमा देणे. हर्नियाचे पट्टे बसवणे. अंग आणि हातपाय चोळण्याची योग्य रीत. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाला उचलणे, कूस बदलून देणे, स्वच्छ करणे, भरवणे, उबदार किंवा थंड ठेवणे, बेडसोअर होऊ न देणे आणि झालाच तर त्याची निगा राखणे. बँडेज गुंडाळणे आणि बांधणे, स्प्लिंटला अस्तर लावणे. रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलणे. शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे. पेज, आरारूट, अंडे घातलेले पेय, पुडिंग असा पथ्याचा स्वयंपाक. वॉर्डात रात्रंदिवस ताजी हवा खेळती ठेवणे. भांडी घासणे, त्यांत रुग्णाच्या खाण्याची आणि मलमूत्राची अशी दोन्ही आली.

यादी वाचताना जळवा आणि आरारूटपाशी आपण थबकतो, पण ज्या कलमापाशी खरे थांबायला हवे ते शेवटाकडे आहे: रुग्णाचे निरीक्षण. थुंकी, नाडी, त्वचा, भूक, शुद्धीची अवस्था (बरळतो आहे की गुंगीत आहे), श्वास, झोप, जखमेची स्थिती, अंगावरचे पुरळ, पू धरणे, आहाराचा, उत्तेजक पेयांचा आणि औषधांचा परिणाम. हे सगळे पाहायचे, नुसते पाहायचे नाही तर नेमके सांगायचे. पाहणे हेही एक कौशल्य आहे, ते शिकवता येते आणि त्याला बँडेजइतकाच स्वतंत्र शेरा देता येतो, ही कल्पना मला त्या काळातली सर्वांत धाडसी वाटते. आज प्रथम वर्षाची मुलगी टीपीआरचा चार्ट भरते तेव्हा तापमान, नाडी, श्वास हे तीन आकडे लिहून मोकळी होते. या यादीतली मुलगी रुग्णाला झोप कशी लागली हेही सांगायला बांधलेली होती.

साउथसाहेबांच्या प्रश्नाला हे उत्तर होते. परिचारिकेच्या कामाचे तुकडे पाडता येतात, प्रत्येक तुकड्याला नाव देता येते, आणि तो जमतो की नाही हे महिन्याच्या महिन्याला लिहिता येते. आपल्याकडच्या लॉगबुकांत प्रोसिजरची यादी, तारीख आणि सही असे रकाने असतात, त्यांची पणजी म्हणून हा तक्ता दाखवता येईल. लॉगबुकात मात्र किती वेळा केले ते मोजतात. तक्त्यात कसे केले ते विचारले जाई.

वर्तनाच्या भागाबद्दल माझे मत तितके चांगले नाही. पाच कलमांमुळे मेट्रनच्या हातात मोठी सत्ता आली. तरुण डॉक्टरशी हसून बोललेली मुलगी ‘विश्वासूपणा’त कुठे बसते, हे मिसेस वॉर्डरोपर ठरवीत. काही जणींना कौशल्यात काही कमी नसताना जावे लागले. नाइटिंगेलबाईंच्या दृष्टीने मात्र दोन्ही भाग वेगळे नव्हतेच. ज्या बाईचा शब्द भरवशाचा नाही तिने मोजलेली नाडीही भरवशाची नाही, असे त्यांचे गणित होते, आणि ते गणित खोडून काढणे सोपे नाही.

वर्ष पुरे झाले की परीक्षा नव्हती. बारा महिन्यांच्या नोंदी समाधानकारक असल्या की नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये चढे आणि फंडाची समिती ठरवील त्या हॉस्पिटलात आणखी काही वर्षे काम करावे लागे. शाळेची कीर्ती लवकरच बाहेर गेली. १८६२ मध्ये इथे शिकलेल्या ॲग्नेस जोन्स १८६५ पासून लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळात बारा नाइटिंगेल नर्स घेऊन उभ्या राहिल्या. १८६८ मध्ये टायफसने त्या गेल्या. त्याच वर्षी लूसी ऑस्बर्न पाच सिस्टरांसह सिडनीला पोहोचल्या. त्यांचे आणि नाइटिंगेलबाईंचे पुढे बिनसले, पण ऑस्ट्रेलियातले परिचर्या शिक्षण तिथूनच सुरू झाल्याचे मानतात. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १८६१ मध्ये फंडाने सुइणींच्या शिक्षणाची शाखा काढली होती. ती प्रसूतिज्वराच्या मृत्यूंमुळे १८६७ मध्ये बंद करावी लागली. त्या अनुभवातून नाइटिंगेलबाईंनी प्रसूतिगृहांतल्या मृत्यूंवर आकडेवारीसह पुस्तक लिहिले, ते १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

कीर्ती बाहेर पसरत असताना आत काय चालले होते? १८६२ मध्ये रेल्वेसाठी जुनी इमारत सोडावी लागली आणि हॉस्पिटलचा मुक्काम सरे गार्डन्स इथे हलला, तोही अडचणीतला. १८७१ मध्ये थेम्सच्या काठी, पार्लमेंटच्या समोर, नवी भव्य इमारत झाली. उद्घाटनाला व्हिक्टोरिया राणी आली. वॉर्ड वाढले, खाटा वाढल्या, आणि प्रोबेशनर म्हणजे स्वस्तातली कामाची माणसे होऊन बसल्या. नाइटिंगेलबाई तोवर दुसऱ्याच कामांत होत्या, त्यांत हिंदुस्थानचे काम मोठे. त्या इथे कधी आल्या नाहीत, पण १८६५ मध्ये हिंदुस्थानातल्या इस्पितळांच्या परिचर्येविषयी त्यांनी टिपण लिहिले होते आणि पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १८७२ च्या सुमारास त्यांनी आपल्याच शाळेकडे नीट पाहिले, आणि त्यांना धक्का बसला.

व्हिटफील्ड यांनी व्याख्याने घेणे केव्हाच सोडले होते. ज्या सिस्टरांनी शिकवायचे त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतः शिकलेल्या नव्हत्या, आणि ज्यांना येत होते त्यांना वेळ नव्हता. मासिक तक्ते मात्र वेळच्या वेळी भरलेले. ते मिसेस वॉर्डरोपर भरीत, सिस्टरांकडून ऐकून आणि स्वतःच्या मतावर. एकाच मुलीबद्दल आज एक आणि उद्या दुसरे मत असे त्यांत दिसे.

इतिहासकार मोनिका बेली यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शाळेची ही पहिली वर्षे जुन्या कागदपत्रांतून तपासली आणि दंतकथेचा बराच रंग उतरवला. मला त्यातून शाळेविषयीचा आदर कमी झालेला जाणवला नाही. तक्ता चांगला होता. भरणाऱ्याने रुग्णाच्या खाटेशी उभे राहून मुलीचे हात पाहिले होते का, एवढाच मुद्दा होता. परिचर्या शिक्षणात काम केलेल्या कोणालाही हे दुखणे अनोळखी नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली लॉगबुके आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

१८७२ नंतर जे झाले ते मला शाळेचा दुसरा जन्म वाटते. व्हिटफील्ड गेले, त्यांच्या जागी जॉन क्रॉफ्ट या शल्यविशारदांनी नियमित व्याख्याने सुरू केली. होम सिस्टर हे नवे पद निर्माण झाले: राहत्या जागेची देखरेख करणारी, पण वर्ग घेणारी, व्याख्यानांच्या वह्या तपासणारी, मुलींचा अभ्यास करून घेणारी. हॉस्पिटलच्या कामातून मोकळी असलेली, फक्त शिकणाऱ्यांसाठी असलेली ही पहिली व्यक्ती. १८७५ ते १८९६ अशी एकवीस वर्षे मेरी क्रॉसलँड या पदावर होत्या, आणि शाळा रोजच्या रोज चालवली ती त्यांनी. प्रोबेशनरांनी कामाची रोजनिशी आणि रुग्णांच्या नोंदी लिहायच्या, हा दंडक कडक झाला. नाइटिंगेलबाई त्या वह्या मागवून वाचत. मुलींना, सिस्टरांना एकेक करून साउथ स्ट्रीटवरच्या घरी चहाला बोलावत आणि त्या गेल्यावर प्रत्येकीविषयी स्वतःसाठी टिपण करून ठेवत. तक्ता एक सांगतो, रोजनिशी दुसरे सांगते, मुलगी समोर बसून तिसरेच सांगते. तिन्ही ताडून पाहायचे. मूल्यमापनाच्या आजच्या पुस्तकांत एका कौशल्याचा पुरावा अनेक वाटांनी गोळा करावा म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईने ते चहाच्या कपावर केले.

यानंतर शाळेच्या आयुष्यातला मोठा वाद आला. सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या माजी मेट्रन एथेल बेडफर्ड फेनविक यांनी १८८७ मध्ये ब्रिटिश नर्सेस असोसिएशन काढली. त्यांची मागणी साधी होती: तीन वर्षांचे शिक्षण, सगळ्यांना एकच परीक्षा, आणि उत्तीर्ण झालेल्यांचे देशभराचे एक रजिस्टर. रुग्णाच्या दारात उभी असलेली बाई खरोखर शिकलेली आहे की टोपी घालून आलेली, हे लोकांनी कसे ओळखायचे? फेनविकबाईंच्या मुद्द्यात दम होता.

नाइटिंगेलबाईंनी सगळे वजन विरुद्ध बाजूला टाकले. परीक्षेत स्मरणशक्ती कळते, हात कळत नाही, स्वभाव तर नाहीच. आणि एकदा रजिस्टरमध्ये चढलेले नाव वीस वर्षांनीही तिथेच राहते, बाई तोवर शिकलेले विसरली असली तरी. जी रोज पाहते तिनेच सांगावे, एका दिवसासाठी आलेल्या परक्या परीक्षकाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी लिहिलेल्या निबंधातही त्यांनी परिचर्या ही खाटेशी, वॉर्डातच शिकायची गोष्ट असल्याचे मांडले.

दोघींपैकी बरोबर कोण होते? मी बराच काळ नाइटिंगेलबाईंच्या बाजूने विचार करत आले. पण त्यांच्या पद्धतीला एक चांगली सिस्टर आणि एक चांगली मेट्रन लागते, आणि १८७२ मध्ये त्यांच्या स्वतःच्या शाळेत ती व्यवस्था कोलमडलेली त्यांनी पाहिली होती. जिथे नाइटिंगेल फंड नाही, क्रॉसलँडबाई नाहीत, अशा शेकडो लहान इस्पितळांतल्या मुलींना परक्या परीक्षकाचाच आधार असतो, कारण घरचा शेरा घरच्याच सोयीने लिहिला जातो. रजिस्टर झाले नसते तर या मुलींच्या हातात कोणत्याही हॉस्पिटलबाहेर चालेल असा कागदच आला नसता.

वाद तीसएक वर्षे चालला. नाइटिंगेलबाई ऑगस्ट १९१० मध्ये गेल्या. डिसेंबर १९१९ मध्ये नर्सेस रजिस्ट्रेशन ॲक्ट मंजूर झाला, जनरल नर्सिंग कौन्सिल आले, १९२१ मध्ये रजिस्टर उघडले आणि पहिल्या क्रमांकावर फेनविकबाईंचे नाव लागले. १९२५ मध्ये पहिल्या सरकारी परीक्षा झाल्या. जिच्या संस्थापिकेने अशा परीक्षेला आयुष्यभर विरोध केला त्या शाळेच्या मुलीही आता इतरांबरोबर त्याच परीक्षेला बसणार होत्या. आपल्याकडे मुंबई प्रांतात नर्स, सुइणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा, आणि देशाचा इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्ट १९४७ चा. म्हणजे आपण जन्मापासून फेनविकबाईंच्या घराण्यातले, फोटो मात्र भिंतीवर नाइटिंगेलबाईंचा.

शाळेने तोवर स्वतःलाही बदलले होते. थेट वॉर्डात ढकलण्याआधी मुलीचा हात जरा बसवून घ्यावा, हा विचार ग्लासगोमध्ये रिबेका स्ट्राँग यांनी १८९३ मध्ये प्रत्यक्षात आणला होता, लंडन हॉस्पिटलमध्ये ईव्हा ल्यूक्स यांनी १८९५ मध्ये. सेंट थॉमसमध्ये अशी प्राथमिक शिक्षणाची शाळा १९१० मध्ये निघाली. जिने वॉर्डात शिकवण्याचा आग्रह आयुष्यभर धरला तिच्या शाळेने हे पाऊल पंधरा-सतरा वर्षे उशिरा टाकले, यात नवल नाही. १९१३ मध्ये ॲलिशिया लॉइड स्टिल मेट्रन झाल्या, आणि १९१४ मध्ये ॲग्नेस गुलान यांची सिस्टर ट्यूटर म्हणून नेमणूक झाली. ब्रिटनमधले या नावाचे हे पहिले पद. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नर्सिंग शाळांत पाठ्यनिर्देशिकेला अजूनही काही जुनी माणसे ‘सिस्टर ट्यूटर’ म्हणतात, ते नाव तिथून इथवर आले.

सिस्टर ट्यूटरबरोबर प्रात्यक्षिकाची खोली आली. खाट, कपाट, ट्रे, आणि खाटेवर बाहुली. अमेरिकेत हार्टफर्ड हॉस्पिटलच्या शाळेसाठी मार्था चेस यांच्या कारखान्याने १९११ मध्ये माणसाएवढी बाहुली बनवली होती. ‘मिसेस चेस’ म्हणून ती जगभर ओळखली गेली. बाहुली ओरडत नाही, लाजत नाही, तिला थंडी वाजत नाही. म्हणून तिच्यावर हात बसतो आणि म्हणूनच एका मर्यादेपलीकडे ती काही शिकवू शकत नाही. सरकारी परीक्षेचे प्रात्यक्षिकही अशाच खोल्यांतून होऊ लागले: ट्रे लावून दाखवा, बँडेज बांधून दाखवा, परीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरे द्या. आपली डेमो, रिटर्न डेमो, एक्स्टर्नल आणि व्हायवा ही सगळी शब्दावळ याच खोलीत जन्मली.

दुसऱ्या महायुद्धाचे इथे थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९४० मध्ये सेंट थॉमसवर बॉम्ब पडले, परिचारिकांच्या निवासाची इमारत कोसळली, काही जणी त्यात गेल्या. रुग्णसेवेचा बराचसा भाग आणि शिक्षण लंडनबाहेर हलवावे लागले. शाळा बंद पडली नाही.

१९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जनरल नर्सिंग कौन्सिलने प्रात्यक्षिक परीक्षा खोलीतून उचलून पुन्हा वॉर्डात नेली. चार कसोट्या ठरल्या: निर्जंतुक पद्धतीने ड्रेसिंग, औषधांची फेरी, एका रुग्णाची संपूर्ण काळजी, आणि वॉर्डचे व्यवस्थापन. परीक्षक त्याच हॉस्पिटलातले. नाइटिंगेलबाईंचे म्हणणे पन्नास वर्षांनी अर्धे मान्य झाले, असे म्हणायला हरकत नाही. अर्धेच, कारण कसोटी एका सकाळची होती. त्या सकाळी वॉर्डातला सर्वांत शांत रुग्ण निवडायचा, हे सिस्टर आणि विद्यार्थिनी दोघींना ठाऊक असे.

पुढे घटना वेगाने घडल्या आणि संस्थेचे वेगळेपण विरघळत गेले. प्रोजेक्ट २००० या नावाने ओळखली जाणारी फेररचना १९८९ पासून अमलात आली. विद्यार्थिनी आता वॉर्डच्या मनुष्यबळात मोजली जाणार नव्हती, आणि शिक्षण विद्यापीठांकडे निघाले. नाइटिंगेल स्कूल शेजारच्या गाइज हॉस्पिटलच्या शाळेशी जोडले गेले आणि १९९० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये सामावले. आज त्या विद्यापीठाच्या परिचर्या विद्याशाखेला नाइटिंगेलबाईंचे नाव आहे. विद्यार्थिनीला कामातून मोकळे केले हे योग्यच झाले. १८७२ मध्ये जे दुखणे सापडले होते त्यावरचा उपाय यायला शंभरावर वर्षे लागली. पण त्याच मोकळेपणाने तिला वॉर्डात पाहुणी करून टाकले. पाहुणीला कोणी बेडपॅन द्यायला सांगत नाही.

मूल्यमापनाची नवी साधने वैद्यकीय शिक्षणातून आली. डंडी विद्यापीठातले रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑस्की पद्धत मांडली: विद्यार्थ्याने एकामागून एक स्टेशनवर जायचे, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटे, ठरावीक काम, आणि परीक्षकाच्या हातात एकच छापील यादी. परीक्षकाचा मूड, रुग्णाचे नशीब, दोन्ही बाजूला. भारतातून ब्रिटनला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींना ही पद्धत चांगलीच ठाऊक आहे, कारण तिथल्या रजिस्टरमध्ये नाव लागण्यासाठी २०१४ पासून त्यांना ऑस्की द्यावी लागते. २०२१ पासून ती दहा स्टेशनांची आहे. रुग्णाची तपासणी, नियोजन, प्रत्यक्ष काळजी आणि फलिताची नोंद यांची चार, हातांच्या कौशल्यांची चार, आणि न बोलता लिहून द्यायची दोन. पंधरा वर्षे आयसीयूत काढलेली परिचारिका तिथे रुग्णाची ओळख विचारायला विसरली म्हणून नापास होऊ शकते. हे काहींना अन्यायाचे वाटते. मला वाटत नाही. ओळख न विचारता दिलेले इंजेक्शन पंधरा वर्षांच्या अनुभवाने परत काढून घेता येत नाही. मात्र ऑस्कीत एक गोष्ट पाहता येत नाही, ती म्हणजे पहाटे चार वाजता, तिसऱ्या रात्रपाळीत, ती बाई ओळख विचारते का.

आणि जी रोज पाहते तिचे काय? ग्लासगोच्या कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये केलेल्या अभ्यासात पुढे आले, की वॉर्डातले मेंटर कच्च्या विद्यार्थ्यालाही नापास करायला कचरतात. पुरावा लिहून ठेवलेला नसतो, शेवटच्या वर्षी मुलीचे नुकसान करवत नाही, आणि आपल्यामागे कोणी उभे राहील याची खात्री नसते. मिसेस वॉर्डरोपर यांना ‘अपुरे’ हा शेरा सहज लिहिता येत होता, कदाचित फारच सहज. दीडशे वर्षांनी तो कोणालाच लिहिता येईना. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने २०१८ मध्ये यावर तोडगा काढला: जी वॉर्डात शिकवते ती सुपरव्हायझर आणि जी निकाल देते ती असेसर, एकाच विद्यार्थिनीसाठी एकाच वेळी दोन्ही भूमिका एकीने करायच्या नाहीत. असेसरने सुपरव्हायझरांच्या नोंदी वाचायच्या, आणि विद्यापीठाच्या असेसरशी बोलून ठरवायचे. एकूण ४,६०० तासांपैकी निम्मे तास प्रत्यक्ष सेवेत घालवायचे हा नियम आहेच.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ मध्ये लागू झालेल्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात ऑस्की आली, सिम्युलेशन आले, लॉगबुक तर होतेच. कागदावर पाहिले तर साधने सगळी आहेत. पण बहुतेक ठिकाणी लॉगबुकावर सही पाठ्यनिर्देशिकेची असते, गुण अंतर्गत आणि बाह्य परीक्षकांचे असतात, आणि ज्या परिसेविकेच्या वॉर्डात मुलगी आठवडेच्या आठवडे वावरली तिला विचारण्यासाठी कुठेही रकाना नसतो. तिच्यासाठी एक रकाना वाढवायला नवा कायदा लागत नाही. रुग्णाला झोप कशी लागली हे या मुलीने आपणहून येऊन सांगितले का, एवढे जरी त्यात महिन्यातून एकदा लिहून घेतले तरी चालेल. मात्र सहा रुग्णांमागे एक परिचारिका ठरलेली असताना तीस-चाळीस रुग्ण सांभाळणाऱ्या परिसेविकेने तो रकाना कधी भरायचा, हे ठरवायला प्राचार्य आणि अधिसेविका यांना आधी एका टेबलाशी बसावे लागेल.